आधी भिंत, मग एसएमपीएस, कार्ड शेवटी

भाच्याचा नंदगडहून फोन आला तो असा: "मामा, तुळशीचं लग्न झालं की सात ऑर्डरी हायत. पीसीत ग्राफिक्स कार्ड घालून सोडावं म्हणतोय. खरं कुठलं घालू ओ?" आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्यांनी ध्यानात ठेवावं. तो खानापूर तालुक्यात लग्नांचं शूटिंग करतो, मी बेळगावच्या शहापुरात बसून एडिटिंग करतो, त्यामुळं कार्डाची चौकशी माझ्याकडंच येणार. मी उलट विचारलं, "एसएमपीएस कुठला हाय?" उत्तर आलं, "कॅबिनेटबरोबर आलेला." एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन पीसीतल्या सगळ्या भागांना वाटणारा डबा. मग मात्र मी त्याला वही-पेन घ्यायला लावलं. यादी कार्डापासून सुरू करायचीच नाही, भिंतीतल्या सॉकेटपासून करायची. वीज ज्या वाटेनं येते त्याच वाटेनं आपणही आत जायचं. कार्ड लागतं शेवटी.

तर पहिली गोष्ट अर्थिंग. पीसी चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, हे पुष्कळांना माहीत असतं आणि पुष्कळजण पायात चप्पल घालून तो प्रश्न सोडवतात. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांनाही पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असलं तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. नसलं तर पत्र्यावर मेन्सच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब लटकत राहतो. प्रवाह अगदी थोडा म्हणून माणूस दचकून सुटतो, चालू मशीनला एचडीएमआय लावताना पोर्ट मात्र जळून जाऊ शकतं. हे स्वतः हात लावून तपासायचं नाही. वायरमनला बोलवावं आणि फेज-अर्थचा दाब फेज-न्यूट्रलच्या जवळपास भरतो का, न्यूट्रल-अर्थचा दोन-तीन व्होल्टच्या आत राहतो का, एवढं मीटर लावून बघायला सांगावं. कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा असला तरी एप्रिलमध्ये तांबडी माती कोरडी ठणठणीत होते. तेव्हा आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं. हजारो रुपयांच्या मशीनसाठी एवढं पाणी महाग नाही. आणि वळवाचा कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून ठेवायचा. तांब्याची नेटची वायर येत असेल तर तीही.

आता एसएमपीएस. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे इथंच वाचवले जातात आणि इथंच बुडतात.

माझ्या पहिल्या मशीनमध्ये आठशे रुपयांचा एसएमपीएस होता. कुठल्या दुकानातला ते सोडा. डब्यावर हातभर अक्षरात '४५० वॅट' लिहिलेलं. कार्ड घातलं, आठवडाभर बरं चाललं. मग एका हळदीच्या व्हिडिओचा रेंडर, म्हणजे तयार फाइल काढायचं काम, बरोबर साठ-सत्तर टक्क्यांवर आला की मशीन आपोआप रीस्टार्ट. मी विंडोज दोनदा टाकलं, रॅम खोडरबरानं घासली, देवाला नारळ तेवढा फोडायचा राहिला. चौथ्या दिवशी फट्ट असा आवाज, जळक्या मासळीसारखा वास, आणि एसएमपीएसनं जाताना मदरबोर्डही बरोबर नेला. नंतर बाहेर काढून बघतो तर बाजूच्या लेबलावर बारीक तक्ता होता: +१२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही बारा व्होल्टवरच जेवतात. म्हणजे ४५० चं ताट दाखवून मला १९२ चं जेवण वाढलं होतं, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगांत होते की फक्त शाईत होते, देव जाणे. आणि डबा हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका.

म्हणून भाच्याला सांगितलं, कॅबिनेटची पाटी उघड आणि त्या तक्त्याचा फोटो पाठव. मोठा आकडा वाचायचाच नाही. बारा व्होल्टचे अँपिअर बघायचे, बाराने गुणायचे, आणि तो गुणाकार डब्यावरच्या वॅटच्या जवळपास आला तरच डबा खरा. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसला बारा व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास मिळतात. '८० प्लस'चा शिक्का असावा, ब्राँझ पुरे, खरं त्या शिक्क्यावर भाळू नये. तो भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते आणि किती उष्णतेत जाते एवढंच सांगतो. माल किती टिकाऊ हे विचारायचं तर वॉरंटीची वर्षं बघावीत. पाच वर्षं देणाऱ्याला आपल्या कपॅसिटरांचा भरवसा असतो. ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण असल्याचं लिहिलेलं असावं. माझ्या त्या डब्यात ते असतं तर मदरबोर्ड बहुतेक वाचला असता.

वॅटची बेरीज वहीतच होते. भाच्याचा प्रोसेसर आय५-१२४००, तो जोरात असला की ११७ वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० कार्ड धरलं तर १४५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास धरू. झाले ३१२. मग चारशेचा एसएमपीएस चालेल की, असं वाटतं. चालेल, खरं कार्ड क्षणाच्या बारीक तुकड्यासाठी आपल्या आकड्याच्या बरीच वर उडी मारतं, आणि सतत काठोकाठ भरलेला एसएमपीएस तापतो, पंखा घोंगावतो. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात अशा उड्या झेलायची अटच घातलेली आहे. नवा घेताना तोच बघावा. ५०६० ला कंपनी स्वतः ५५० वॅट सांगते. उद्या मोठं कार्ड घालायची इच्छा असेल तर ६५०. त्यावर जाऊन ८५० घेणं म्हणजे दोघांच्या घरात लग्नाचं पातेलं.

ही बेरीज झाली की जरा मागं, यूपीएसकडं वळावं. आतले ३१२ वॅट म्हणजे भिंतीतून सुमारे ३७०, वर मॉनिटरचे तीस. चारशे. आणि आपल्याकडं घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे ३६० वॅट. वीज गेली की तो रेंडरच्या मधेच चीं करून मान टाकणार. हजार-अकराशे व्हीएचा घ्यावा, आणि त्यावर लेझर प्रिंटर लावू नये. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा बेत असेल तर तो स्क्वेअर वेव्ह आहे की साइन वेव्ह ते विचारावं. चांगल्या एसएमपीएसमधलं अॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज लयीत ओढणारं सर्किट, काही स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरांशी पटवून घेत नाही. शिवाय वीज जाताच इन्व्हर्टर लागेपर्यंतचा वेळ एसएमपीएसनं आपल्या पोटातल्या साठ्यावर काढायचा असतो, आणि तो साठा पूर्ण भारावर १२ ते १७ मिलिसेकंदांच्या आसपासच पुरतो. इन्व्हर्टरच्या मागं 'यूपीएस मोड'ची कळ असेल तर ती त्या बाजूला करावी.

केबलींचं थोडक्यात. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनीतून आणखी ७५, आठ पिनीतून १५०. आठ पिनी दोन प्रकारच्या असतात: प्रोसेसरची चार-अधिक-चार फुटते, कार्डाची सहा-अधिक-दोन. दिसायला जावा-जावा, आतलं वायरिंग उलटं. जात नसेल तर ढकलू नये. साटाच्या पिनीतून आठ पिन करून देणारा अडॅप्टर दुकानदार फुकट देत असला तरी घेऊ नये. साटाची पिन ५४ वॅटची, तिच्यावर १५० चं ओझं टाकलं की ती वितळते. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा एसएमपीएस बदलला तर त्याच्या सगळ्या केबलीही बदलायच्या. जुन्या केबली नव्या डब्यात बसतात, आणि बसतात म्हणूनच हार्डडिस्क जाळतात. ऑफिसातून निघालेला ब्रँडेड पीसी घेतला असेल तर मदरबोर्डची २४ पिन आहे का हे आधी बघावं. पुष्कळांत ती नसते, कंपनीची आपली वेगळीच असते, आणि बाजारातला एसएमपीएस तिथं लागतच नाही. तिथं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड बरं: ७० वॅट, वेगळी वायर नाही, आणि व्हिडिओ एन्कोडरही आहे, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल झटपट बांधणारा भाग.

एवढं झाल्यावर कार्डाचं बोलू. त्याआधी भाच्याला एकच विचारलं: प्रोसेसरच्या नावामागं 'एफ' आहे काय बघ. एफ असला तर आत ग्राफिक्स नाही. नसला तर लॉटरी लागली समजावं. हल्लीचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची माहिती जास्त साठवणाऱ्या पद्धतीनं शूट करतात, रंग छान येतात, आणि टाइमलाइन मात्र बैलगाडीसारखी चालते. असं फुटेज हार्डवेअरवर उलगडायची सोय एनव्हिडियाच्या ४० आणि त्याआधीच्या मालिकांत नाही, ती ५० मालिकेपासून आली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या आतल्या ग्राफिक्सला मात्र एच.२६५ मधलं ४:२:२ येतं, एच.२६४ मधलं येत नाही (दोन्ही व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती). म्हणजे एफ नसेल आणि कॅमेरा एच.२६५ वर ठेवता येत असेल, तर निम्मा अडथळा एक पैसा न घालता निघतो. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, आतलं ग्राफिक्स कार्डाबरोबर चालू ठेवायची सोय असते, ती 'एनेबल' करावी. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ताजं असावं, जुन्या आवृत्तीला यातलं काही कळत नाही.

आमच्या कामाला म्हणून माझं मत: ४के करायचं तर ५० मालिका, आणि परवडलं तर ५०६० टीआयचं १६ जीबीचं. ८ जीबी आज पुरते, नॉइज काढायचे दोन-तीन इफेक्ट चढवले की घाम फुटतो. गेमच खेळायचे असतील तर एएमडीचीही कार्डं बघावीत, आरएक्स ६६०० फक्त १३२ वॅटमध्ये भागवतं. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र स्वस्त मिळतंय म्हणून एडिटिंगला घेऊ नये, त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड अजून 'ग्राफिक कार्ड ४ जीबी' म्हणून काचेत मांडलेलं असतं. ते पडद्यावर चित्र उमटवायला ठीक.

जुनं घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०६० सारख्या पास्कल पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. आणि कार्ड जे सांगतं तेच आहे का? जुनाट कार्डाच्या बायोसमध्ये '१०५० टीआय' असं नाव भरून विकलेली नकली कार्डं फिरतात. विकणाऱ्यासमोर जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर उघडावं, त्याला ही नकल ओळखता येते. अर्धा तास भार टाकून तिथंच बसावं, चहा तो देईलच.

मोजपट्टी न्यावी. कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत आतून मोजायचं. तीन पंख्यांचं कार्ड ३०० मिलिमीटरच्या पुढंही जाऊ शकतं आणि नेमकं हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडतं.

खरेदी बेळगावात करावी, कोल्हापुरात, बेंगळुरूच्या एस.पी. रोडवर की ऑनलाइन, यावर आमच्या मंडळात दोन तट आहेत. मी एसएमपीएस गावातच घेतो, कारण बिघडला तर त्याच दिवशी दारात जाऊन उभं राहता येतं. कार्डाला हजार-दोन हजारांचा फरक पडत असेल तर कोल्हापूर गाठावं, जाऊन-येऊन एक दिवस. फक्त एस.टी. चालू आहे का विचारून निघावं, सीमेवर काही खुट्ट झालं की पहिली तीच थांबते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा, तो खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी जुळवावा, सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे ते तिथंच विचारावं. खोकं माळ्यावर टाकावं, वॉरंटी संपेपर्यंत बायकोची बोलणी खावीत.

बसवायच्या दिवशी ऑर्डर घेऊ नये. आदल्या रात्री चालू प्रोजेक्टांची कॉपी बाहेरच्या डिस्कवर. जुनं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर साफ करायच्या सॉफ्टवेअरनं, विंडोजच्या सेफ मोडमध्ये काढावा. प्लग काढून पॉवरचं बटण दोनदा दाबावं, पत्र्याला हात लावून मगच आत हात घालावा. कार्ड स्लॉटात 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवून स्क्रू आवळावा. एसएमपीएसचा डबा कुतूहल म्हणूनसुद्धा उघडू नये, आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला असतो.

भाच्याचा फोटो त्याच रात्री आला. बारा व्होल्टखाली १८ अँपिअर, यूपीएस ६०० व्हीए, आणि प्रोसेसरमागं एफ नाही. "मग कार्ड ह्या महिन्यात नको म्हणता?" "एसएमपीएस आणि यूपीएस आण. कार्ड पहिल्या ऑर्डरीच्या अॅडव्हान्सातनं घे." आणि घेशील त्या दिवशी मॉनिटरची केबल कार्डात लाव, मदरबोर्डात नको. आतलं ग्राफिक्स चालू ठेवल्यामुळं मदरबोर्डातनंही चित्र येतंच, आणि मग मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एकानं केलं तसं नवं कार्ड तीन आठवडे आत नुसतं पंखे फिरवत बसतं.