जुनाट कंबरदुखी: व्यायामाची सुरुवात कशी करावी

कंबरदुखी 12 आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती जुनाट समजली जाते आणि अशा वेळी अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा बेताने हालचाल वाढवणे हिताचे ठरते. प्रथम रोज 10 मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे. नंतर सतरंजीवर (मऊ गादीवर नव्हे) उताणे झोपून गुडघे दुमडावेत, तळपाय जमिनीवर टेकवावेत आणि श्वास न रोखता, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेषा होईल इतकी कंबर उचलून 5 सेकंद धरावी. अशी 8 आवर्तने सुरुवातीस पुरेत. किंचित ठणका चालेल, मात्र तो दुसऱ्या दिवशीही वाढलेलाच राहिला, तर आवर्तने कमी करावीत. पायांतील ताकद जाणे, जांघांमध्ये बधिरपणा येणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.