टँकच्या ऑनलाइन खेळाची बातमी मराठीत कशी द्यावी

नवा पॅच (खेळातले बदल आणणारी सुधारित आवृत्ती) आला की गोव्यातल्या मराठी खेळाडूंच्या व्हॉट्सॲप गटांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझ्या टँकचं काय केलं?" उत्तर असतं, पण इंग्रजीत, लांबलचक टिपणांच्या मधोमध कुठेतरी. फोंड्यातला बारावीचा मुलगा किंवा वेर्ण्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला माणूस ते शोधत बसत नाही. मग कुणीतरी एका व्हिडिओची झलक बघून "टायगर संपला" असं ठोकून देतो आणि दोन दिवस सगळे तेच पुढे पाठवतात.

हे उत्तर शोधून, तपासून आपल्या भाषेत सांगणारा माणूस प्रत्येक गावच्या गटाला हवा. ते काम कुणालाही जमण्यासारखं आहे, फक्त त्याची शिस्त लागते. मजकूर गटात टाका, नाहीतर व्हिडिओत बोला, पायऱ्या त्याच.

१. एकच खेळ धरा

टँकचे खेळ वरून सारखे दिसतात, आतून फार वेगळे असतात. वॉरगेमिंगचा "वर्ल्ड ऑफ टँक्स" २०१० मध्ये रशियात आणि २०११ मध्ये युरोप-अमेरिकेत सुरू झाला. संगणकावर १५ विरुद्ध १५. त्याच कंपनीचा "ब्लिट्झ" २०१४ पासून मोबाइलवर आहे, तिथे ७ विरुद्ध ७. गैजिन कंपनीच्या "वॉर थंडर"मध्ये टँकला हिट पॉइंट, म्हणजे मार बसला की घटणारे गुण, नाहीतच. गोळा आत शिरून चालक, तोफची की दारूगोळा, यातलं काय गाठतो त्यावर निकाल लागतो. म्हणून "टी-३४ टँकचा रीलोड (पुढचा गोळा भरायला लागणारा वेळ) सुधारला" एवढंच लिहिलं तर ती बातमी होत नाही. कोणत्या खेळातला टी-३४, कोणत्या आवृत्तीत, हे पहिल्याच ओळीत हवं.

इथे एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते आणि बऱ्याच खोट्या बातम्या तिथूनच जन्मतात. २०२२ मध्ये वॉरगेमिंगने रशिया आणि बेलारूसमधून अंग काढून घेतलं. तिथला खेळ आता लेस्ता ही कंपनी चालवते. "मीर तान्कोव्ह" या नावाने तो स्वतंत्र वाटेने वाढतो आहे, त्याचे टँक वेगळे, त्याचे पॅच वेगळे. रशियन चित्रफितीत दिसलेला नवा टँक आपल्या आशिया सर्व्हरवर येईलच असं धरून चालू नका. तसंच जुन्या माहितीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये वर्ल्ड ऑफ टँक्सच्या २.० आवृत्तीत अकराव्या टियरचे (पातळीचे) टँक आले. "दहावा टियर म्हणजे शेवट" असं सांगणारा व्हिडिओ त्याआधीचा आहे, एवढं तारीख बघून कळतं. आधी तारीख बघायची, मग मजकूर.

२. बातमीवर तिचा दर्जा लिहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची सवय हीच. प्रत्येक बातमीच्या सुरुवातीला तीनपैकी एक शब्द: जाहीर, चाचणीत किंवा ऐकीव.

जाहीर म्हणजे खेळाच्या अधिकृत पॅच नोट्समध्ये आलेलं. चाचणीत म्हणजे कॉमन टेस्टच्या (सगळ्यांना खुल्या चाचणीच्या) सर्व्हरवर किंवा सुपरटेस्टमध्ये (निवडक खेळाडूंच्या बंद चाचणीत) असल्याचं कंपनीने स्वतः सांगितलेलं. हे आकडे अंतिम आवृत्तीपर्यंत बदलतात, कधी टँक रद्दही होतो. खेळाच्या फायली उघडून काढलेलं, कुणी तरी म्हणालं, कुठे तरी दिसलं, ते सगळं ऐकीव. ऐकीव द्यायला हरकत नाही, खेळाडूंना त्याचीच उत्सुकता जास्त असते; पण "ऐकीव" हा शब्द ठळक असू दे. सुपरटेस्टर गुप्ततेच्या कराराने बांधलेले असतात. ओळखीचा कुणी असला तरी त्याला आतलं विचारू नका. त्याचं खातं जाईल आणि ते तुमच्यामुळे जाईल.

३. आकडा वाचा, मग त्याचा अर्थ काढा

पॅच नोट्स बदल सांगतात. त्याने लढाईत काय फरक पडेल, ते बातमी देणाऱ्याने सांगायचं. वेळ घालवायचा तर इथेच घालवावा.

रीलोडपासून सुरू करू. समजा, ४०० नुकसान करणाऱ्या तोफेचा रीलोड १० सेकंदांवरून ९.५ झाला. आधी मिनिटाला ६ गोळे, म्हणजे २४०० नुकसान. आता सुमारे २५२६. वाढ पाच टक्क्यांची. पण कोपऱ्यामागून डोकावून एक गोळा मारायचा आणि मागे सरायचं, असं खेळणाऱ्याच्या दोन गोळ्यांमध्ये एरवीही वीस-वीस सेकंद जातात. त्याला हा अर्धा सेकंद कधी हाती लागणार नाही. समोरासमोर उभं राहून लढणाऱ्याला लागेल. हे वाक्य पॅच नोट्समध्ये नसतं. ते तुम्ही लिहायचं.

चिलखताचं गणित थोडं फसवं आहे. टी-३४ चा पुढचा वरचा पत्रा ४५ मिमीचा, उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला. सरळ समोरून येणाऱ्या गोळ्याला तो ९० मिमी भरतो, कारण ६० अंशांत जाडी दुप्पट होते. पण वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये साधा एपी (चिलखतभेदी) गोळा आदळताना पत्र्याकडे वळून ५ अंश सावरून घेतो आणि एपीसीआर (हलका, वेगवान भेदक गोळा) २ अंश. म्हणून ७५ मिमी तोफेच्या एपीला तोच पत्रा सुमारे ७८ मिमी लागतो, एपीसीआरला ८५ मिमी, आणि हीटला (स्फोटाच्या झोताने भेदणाऱ्या गोळ्याला) पूर्ण ९०, कारण हीटला सावरणं नाही. नुसतं "चिलखत ५ मिमीने वाढलं" असं सांगून भागत नाही. कोन किती, गोळा कोणता, हे सांगाल तेव्हा वाचणाऱ्याला कळेल की घाबरायचं की नाही. त्यातच संगणकावरच्या खेळात गोळ्याची भेदकता (किती जाडीचा पत्रा फोडतो ते) २५ टक्के वरखाली होते. २०० मिमी भेदकतेचा गोळा एखाद्या वेळी १५० चा ठरतो, एखाद्या वेळी २५० चा. म्हणून "आता हा टँक फुटणार नाही" असं वाक्य कधीच लिहू नका.

नजरेचा पल्लाही असाच. समोरच्या टँकचा कॅमोफ्लाज (लपण्याची क्षमता) ३० टक्के आणि तुमचा पल्ला ४०० मीटर असेल, तर तो २९५ मीटरवर दिसतो. सूत्र असं: पल्ल्यातून ५० वजा करायचे, त्याला कॅमोफ्लाजने गुणायचं आणि आलेला आकडा पल्ल्यातून काढायचा. पॅचमध्ये पल्ला ४२० झाला तर तोच टँक ३०९ मीटरवर दिसेल. वाढले २०, हाती आले १४. शिवाय ४४५ मीटरच्या पलीकडचं कुणी तुम्हाला स्वतःला हुडकता येत नाही, पल्ला कितीही असो. त्यापुढचा जास्तीचा पल्ला फक्त लपलेल्यांना हुडकायला कामी येतो.

एवढं गणित कागदावर दहा मिनिटांत होतं. कॅल्क्युलेटर फोनमध्ये आहेच.

४. शक्य असेल तर स्वतः मारून बघा

कॉमन टेस्टचा क्लायंट (खेळाचा प्रोग्रॅम) वेगळा उतरवावा लागतो, तोही बऱ्याच जीबींचा. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून रात्री निजण्यापूर्वी डाउनलोड लावा. राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडलेला असेल तर उत्तम. टेस्टवरची कमाई मुख्य खात्यात येत नाही, तेव्हा तिथे बिनधास्त प्रयोग करा.

मित्राला घेऊन ट्रेनिंग रूम उघडा. अंतर ठरवा, टँक उभा करा, एकाच जागी, एकाच कोनातून गोळे मारा. रिप्ले (लढाईची नोंद) जपून ठेवा. पत्रा फुटतो की नाही, टँक चढ चढतो की नाही, तोफ किती खाली झुकते, हे असं लगेच दिसतं. अचूकतेतला बारीक बदल मात्र मूठभर गोळ्यांत दिसत नाही. तिथे योगायोगाचा वाटा मोठा असतो, म्हणून पॅच नोट्समधला आकडा द्या आणि स्वतःच्या निशाण्यावरून निष्कर्ष काढू नका.

५. वेळ आपल्या घड्याळाची

जाहीर वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, त्यात साडेपाच तास मिळवा. सकाळी ६ यूटीसी म्हणजे आपले साडेअकरा. सिंगापूरची वेळ दिली असेल तर अडीच तास वजा. युरोपची असेल तर सांभाळा: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, एरवी साडेचार. बातमीत फक्त आपली वेळ लिहा.

दिवसही आपला बघा. चवथीला (गणेशचतुर्थीला) अर्धा गोवा मूळ घरी जातो. सत्तरी-सांगेच्या आतल्या वाड्यांत रेंज येते-जाते, आणि गणपतीच्या वरची फळाफुलांची माटोळी बांधण्याच्या गडबडीत कुणी पॅच उतरवत नाही. खेळातली एखादी मोहीम त्याच दिवसांत संपणार असेल तर चार दिवस आधी आठवण द्या. बक्षिसाचा टँक हुकला की वर्षभर हळहळ राहते. हे कंपनी सांगणार नाही, तिला आपले सण ठाऊक नाहीत. तुम्हाला आहेत.

६. मग लिहा, थोडक्यात

पहिल्या वाक्यात खेळ, दर्जा, बदल. दुसऱ्यात आकडा. तिसऱ्यात कुणाला फरक पडेल. एक नमुना:

"वर्ल्ड ऑफ टँक्स, चाचणीत. अमुक टँकचा रीलोड १० वरून ९.५ सेकंद. मिनिटाचं नुकसान २४०० वरून साधारण २५२६. थांबून लढणाऱ्यांना जाणवेल, डोकावून मारणाऱ्यांना नाही. अंतिम आवृत्तीत आकडा बदलू शकतो."

यापेक्षा जास्त लिहायची गरज क्वचितच पडते. उद्गारचिन्हं, "धक्कादायक", "राक्षस टँक" असले शब्द टाळा. नर्फ (कमजोर करणं), बफ (ताकद वाढवणं), पेन (भेदकता), आर्टी (लांब पल्ल्याची तोफ), ग्राइंड (पुढचा टँक मिळवायला सतत खेळत राहणं) हे खेळाडूंचे शब्द जसेच्या तसे ठेवा.

७. खऱ्या टँकच्या गुपितांपासून लांब राहा

हे मी कळकळीने लिहितो आहे. जुलै २०२१ मध्ये वॉर थंडरच्या एका खेळाडूने ब्रिटनच्या चॅलेंजर २ टँकच्या गोपनीय पुस्तिकेतला भाग खेळाडूंच्या चर्चेत टाकला. खेळातल्या टँकची रचना चुकीची आहे, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. गैजिनने तो मजकूर काढून टाकला. त्यानंतर फ्रान्सच्या लेक्लेर्क टँकबाबत आणि चीनच्या एका तोफगोळ्याबाबतही असंच घडलं.

आपल्याकडे नौदल दाबोळीला आहे, फौजेत गेलेली माणसं कित्येक घरांत आहेत. कुणाचा भाऊ, कुणाचे काका. गटात कुणी आपल्या फौजेच्या अर्जुन किंवा टी-९० टँकबद्दल "आतलं" पान टाकलं, तर ते वाचूही नका आणि पुढेही पाठवू नका; काढून टाकायला सांगा. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे आणि तो आजही लागू आहे. खेळातलं चिलखत दोन मिमीने बरोबर दाखवण्यासाठी कुणाची नोकरी आणि स्वातंत्र्य पणाला लावू नये.

उघडा इतिहास मात्र भरपूर आहे आणि बातमीला त्याने रंग चढतो. अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ चं आहे. तिथे सेंच्युरियन आणि पॅटनसारखे टँक हाताच्या अंतरावर दिसतात. पत्र्याचा उतार काय चीज आहे ते पाच मिनिटांत डोळ्यांना कळतं. पॅटनची बातमी देताना १९६५ च्या भारत-पाक युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईची एक ओळ जोडा. जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानी पॅटन उडवणाऱ्या अब्दुल हमीद यांना तिथल्या शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आपल्या गोव्यातही मुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय चिलखती दल बेतीला, मांडवीच्या काठावर येऊन पोचलं होतं. फक्त इतिहासातले आकडे आणि खेळातले आकडे एका वाक्यात मिसळू नका. खेळ समतोलासाठी आकडे बदलतो.

८. चित्रं, पैसे, मुलं

स्क्रीनशॉट स्वतः काढा. दुसऱ्याचा वापरलात तर परवानगी घ्या आणि श्रेय द्या. कंपनीकडून प्रीमियम (एरवी पैसे देऊन मिळणारा) टँक किंवा खेळातलं सोनं फुकट मिळालं असेल तर त्याच बातमीत तसं सांगा. खाती विकत घेण्या-देण्याच्या जाहिराती नकोत, खेळाच्या नियमांत ते बसत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती तर २०२५ च्या कायद्यानेच बंद केल्या आहेत. गटात शाळकरी मुलं असतात. त्यांची नावं, शाळा, फोटो बातमीत येऊ देऊ नका.

९. जुने आकडे टिपून ठेवा

एक वही किंवा साधी एक्सेल फाइल करा. रकाने पाच: तारीख, आवृत्ती, टँक, जुना आकडा, नवा आकडा. अंतिम पॅच आला की "चाचणीत" म्हणून दिलेली प्रत्येक बातमी या वहीशी ताडून बघा आणि जिथे फरक पडला तिथे त्याच दिवशी दुरुस्ती द्या, मूळ बातमी जितक्या जणांना गेली तितक्याच जणांना. पुढचा पॅच येईल तेव्हा गटात पुन्हा विचारतील, "आधी किती होता रे?" तेव्हा ही वही उघडायची. सुरुवात आजच्या आवृत्तीपासून करा: तुमच्या गटात सगळ्यात जास्त चालवले जाणारे टँक विचारून घ्या आणि त्यांचे आजचे आकडे आधी उतरवून ठेवा.