सामूहिक वनहक्काचा दावा करताना या चुका टाळा

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबू जंगलाबाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे बांबूचा पैसा गावात येऊ लागला. तुमच्याही गावाला हे जमेल, पण दावा कच्चा राहिला तर वर्षं वाया जातात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे फक्त 'नमुना ब' हा अर्ज भरणं. त्यातून चराई, मासेमारी, मोह-तेंदू गोळा करणं असे वापराचे हक्क मिळतात. जंगल राखायचा आणि त्याचा कारभार चालवायचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या कलम 3(1)(झ) मध्ये आहे आणि तो 'नमुना क' भरून मागावा लागतो. दोन्ही अर्ज भरा.

दुसरी गफलत हद्दीची. महसुली नकाशावरची शीव हीच आपली हद्द, असं धरून बसू नका. कायदा पारंपरिक हद्द मानतो, मग ते राखीव जंगल असो वा अभयारण्य. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन हद्द पायी फिरा. नाले, टेकड्या, देवाची ठिकाणं नकाशावर उतरवा. शेजारच्या गावाला सोबत घ्याच. जंगल सामायिक असेल तर दोन्ही ग्रामसभांनी एकत्र बसून तोडगा लिहून ठेवावा, नाहीतर पुढे हरकत येते आणि फाइल दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीत अडते.

पुरावे किमान दोन जोडा. जुने कागद नाहीत म्हणून खचू नका: निस्तार पत्रक (गावाच्या जंगल वापराच्या जुन्या हक्कांची सरकारी नोंद) चालतं, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. उपग्रह चित्रच आणा, असा हट्ट कोणी धरू शकत नाही.

ठरावाच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. सह्या तिथेच घ्या.

दावा फेटाळला तर लेखी कारण मागा आणि 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागा. अधिकारपत्र मिळालं तरी आधी वाचा: नाव ग्रामसभेचंच आहे ना, हेक्टर कमी केलेत का, कायद्यात नसलेल्या अटी घुसवल्यात का. मग लगेच व्यवस्थापन समिती नेमा. वाहतूक परवाने द्यायचे अधिकार तिला किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीला आहेत आणि तेंदूचा हंगाम थांबत नाही.