अलॉय व्हील घरी रंगवताय? या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून गाडीची चारही अलॉय व्हील्स, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, रंगवली. गणपतीत गावी गेलो तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. दिवाळीच्या आधी गाडी धुवायला नेली, पाण्याचा फवारा बसला आणि एका चाकाच्या कडेची तळहाताएवढी साल सुटून आली. खालचा धातू मी घासून ठेवला होता तसाच लख्ख होता.

रंग सुटला की आपण डब्याला दोष देतो. त्याआधी सुटलेला पापुद्रा उलटा करून बघा. मागे प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा पहिला थर, चिकटलेला आणि चाकावर उघडा धातू दिसत असेल, तर प्रायमरने धातूला धरलंच नव्हतं. प्रायमर चाकावर शाबूत असून फक्त रंग निघाला असेल, तर वाळलेला प्रायमर न घासताच वर रंग मारलाय किंवा मध्ये तेलकट हात लागलाय. नुसतं लॅकर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, कागदासारखं सुटत असेल, तर रंग आणि लॅकर यांच्यात जास्त वेळ गेलाय. डब्यावर पुढचा थर देण्याची वेळ छापलेली असते. ती उलटली की बारीक वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या सँडपेपरने) हलकं घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाही.

माझ्या बाबतीत पहिला प्रकार होता. घरात खिडकीच्या ग्रिलसाठी आणलेला रेड ऑक्साइड शिल्लक होता, तोच मी चाकांना मारला. तो लोखंडाचा प्रायमर. ॲल्युमिनियम घासलं की त्यावर लगेच ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतो आणि त्या गुळगुळीत थरावर रेड ऑक्साइड टिकत नाही. तिथे एच (etch) प्रायमर लागतो, म्हणजे ॲसिडने धातूला धरणारा, पेंटच्या दुकानात ज्याला वॉश प्रायमरही म्हणतात तो, किंवा इपॉक्सी प्रायमर. हे दोन्ही एकावर एक मारू नका. एच प्रायमरमधलं ॲसिड इपॉक्सीला नीट पक्कं होऊ देत नाही. आणि घासकाम आज, प्रायमर पुढच्या रविवारी, असंही चालत नाही. उघडा धातू त्याच दिवशी, जमलं तर तासा-दोन तासांत झाकायचा.

घासण्यातही एक चूक हमखास होते. जुना रंग लवकर निघावा म्हणून ड्रिलला लोखंडी वायर ब्रश लावतात. त्याचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, पुढे गंजतात आणि नव्या रंगाखालून तपकिरी ठिपके वर येतात. त्यापेक्षा वॉटर पेपर घ्या. फुटपाथला घासून आलेले ओरखडे १२० नंबरने उतरवा, मग २४०, मग ४००. प्रायमर वाळल्यावर ६०० ते ८००. मधला नंबर गाळला तर खोल रेघा रंगातून दिसतातच.

लॅकरखाली पांढरे, केसासारखे बारीक, वळवळत गेलेले धागे दिसतात का? कोकणातल्या, समुद्राकाठच्या गाड्यांना हे फार होतं. दगड लागून रंगाचा टवका उडतो, तिथून ओल आणि मीठ आत शिरतं आणि धातू रंगाखालीच पुढे पुढे खात जातं. वरून रंग मारला तर ते थांबत नाही. धागा जिथे संपलेला दिसतो त्याच्याही पुढे बोटभर अंतरापर्यंत उघडा, चकचकीत धातू येईस्तोवर घासावं लागतं.

रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले, तर तो बहुतेक वेळा टायर पॉलिशमधल्या सिलिकॉनचा प्रताप. लोक घाबरून त्यावर आणखी जाड थर मारतात आणि खड्डे तसेच राहतात. थांबा, वाळू द्या, घासा, पुसा, मग पुन्हा मारा. पुसायला दोन फडकी लागतात. एकाने डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण, लावायचा आणि तो उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचा. एकाच फडक्याने पुसलं तर तेल फक्त जागा बदलतं.

श्रावणात हे काम काढणं ही माझी दुसरी चूक. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि लॅकर दुधाळ होतं. लॅकर असं पांढुरकं झालं, तर पूर्ण वाळल्यावर १००० नंबरच्या वॉटर पेपरने वरचा थर मोडा आणि कोरड्या हवेत पुन्हा लॅकर द्या. कॅन २० ते २५ सेंटीमीटरवर धरून पातळ हात मारावेत, दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटं. हार्डनर घालायचं टू-के लॅकर मात्र घरी मारू नका. त्यातलं आयसोसायनेट साध्या कापडी मास्कने अडत नाही आणि त्यातून दम्याचा कायमचा त्रास लागू शकतो. पार्किंगमध्ये मुलं खेळत असतात, त्यांचाही विचार करा.

आता रंग जिथे लागता कामा नये त्या जागा. माझ्या एका मित्राने चाकं पावडर कोटिंग करून आणली, म्हणजे रंगाची पावडर चढवून भट्टीत भाजून घेतली. दुसऱ्याच दिवशी खंबाटकी घाटात स्टीअरिंग थरथरायला लागलं. गाडी बाजूला घेऊन बघतो, तर एका चाकाचे तीन नट हाताने फिरत होते. कोटिंग करणाऱ्याने नटांच्या बैठकीवर आणि चाक हबला टेकतं त्या तोंडावरही जाड थर चढवला होता. नट आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो आणि तो ताणच चाक धरून ठेवतो. मध्ये रंग असला की ब्रेकच्या उष्णतेने आणि दाबाने तो चेपतो, ताण जातो आणि नट सुटतात. म्हणून रंगवण्याआधी त्या जागा मास्किंग टेपने झाका. नंतर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि १०० किलोमीटरच्या आत पुन्हा तपासा. टायरची कड जिथे रिमला घट्ट बसते तिथेही रंगाचे ओघळ नकोत. हवा हळूहळू उतरते आणि पंक्चर शोधूनही सापडत नाही.

चाकाला तडा असेल, तर तिथे रंगाचा विषयच नाही. खड्ड्यात आपटलेल्या चाकाला तडा बहुधा आतल्या बाजूने जातो. टायर उतरवून, धुऊन, बॅटरीच्या उजेडात बघा. लांबी (पुट्टी) भरून तडा झाकणं म्हणजे पुढच्या माणसाच्या जिवाशी खेळ. वाकलेलं चाक गॅसच्या ज्योतीवर तापवून ठोकून देणारे असतात, त्यांनाही नाही म्हणा. या मिश्रधातूची ताकद कारखान्यातल्या ठरावीक तापमानाच्या प्रक्रियेतून येते, ज्योतीने ती जाते. दर्शनी भागातल्या ओरखड्यांना लांबी चालते, पण नंतर पावडर कोटिंग करायचं असेल तर साधी लांबी नको. त्या भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान असतं आणि तेवढ्यात ती टिकत नाही. भट्टीत जाण्याआधी टायरच्या हवेचे सेन्सर आणि रबरी व्हॉल्व्हही काढून ठेवायला सांगा.

डायमंड कट चाकं घरी करू नका. लेथवर धातूचा थर कापून ती चमक आणलेली असते आणि दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे असं फार तर एक-दोनदाच करता येतं.

टायर चढवायची घाई मात्र करू नका. कॅनचा रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण घट्ट व्हायला आठवडा तरी लागतो. त्याआधी टायरवाल्याकडे नेलं तर मशीनचा जबडा कड खरवडतो आणि बॅलन्सिंगचं चिकट वजन आतल्या बाजूने ओल्या रंगासकट निघून येतं.