मॅकवरचं बिघडलेलं सॉफ्टवेअर काढून परत टाकताय? या चुका टाळा

गेल्या एप्रिलात देवगडहून मामेभावाचा फोन आला. हापूसच्या पेट्यांची लेबलं तो ज्या सॉफ्टवेअरवर करतो, ते उघडल्या उघडल्या बंद पडत होतं. "दादा, तीनदा काढलंय आणि परत घातलंय, तरी उघडना नाय." तीनदा म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तीन मोठी डाउनलोडं, तीही पेट्या भरायच्या धांदलीत. आणि सॉफ्टवेअर धडधाकट होतं!

आयकॉन ट्रॅशमध्ये ओढलं की सगळं गेलं, असं समजणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. जातं ते फक्त ॲप. त्याच्या सेटिंग्ज, कॅशे (तात्पुरता साठवलेला डेटा), मागच्या वेळी उघड्या राहिलेल्या विंडोंची नोंद हे सगळं तुमच्या होम फोल्डरातल्या 'लायब्ररी'त तसंच राहतं. नवं कोरं ॲप येतं, तीच खराब सेटिंग वाचतं आणि तिथेच आपटतं.

म्हणून डाउनलोडला हात लावण्याआधी एक चाचणी कराच. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन मॅकवर नवीन युजर खातं तयार करा, त्यातून लॉगिन करा आणि तेच सॉफ्टवेअर उघडा. नीट चाललं तर ॲप ठीक आहे, बिघाड तुमच्या खात्यातल्या फाइलींत आहे. भावाला फोनवरूनच हे करायला लावलं. दहा मिनिटं लागली, डेटा जवळपास शून्य.

आता लायब्ररी. ती लपवलेली असते. फाइंडरमध्ये 'गो' मेनू उघडून ऑप्शन की दाबून धरली की दिसते. आत 'प्रेफरन्सेस'मध्ये त्या सॉफ्टवेअरच्या नावाची पीलिस्ट (.plist, म्हणजे सेटिंग्जची) फाइल शोधा. 'कॅशेस', 'ॲप्लिकेशन सपोर्ट' आणि 'कंटेनर्स'ही पाहा. ॲप स्टोअरवरून घेतलेल्या ॲपचं बरंचसं सामान 'कंटेनर्स'मध्येच असतं. सापडलं की लोक तिथल्या तिथे डिलीट मारतात. कृपा करून तसं करू नका. 'ॲप्लिकेशन सपोर्ट'मध्ये तुमचे टेम्प्लेट, कधी कधी तर अख्खा डेटा असतो. फाइल डेस्कटॉपवर हलवून ठेवा आणि सुरुवात एकट्या पीलिस्टपासून करा. उपयोग झाला नाही तर जागच्या जागी परत ठेवता येते.

हे करताना सॉफ्टवेअर खरोखर बंद हवं. लाल बटणाने बहुतेक वेळा फक्त विंडो मिटते, ॲप चालूच राहतं, कमांड-क्यू दाबा. अडकलंच असेल तर ऑप्शन, कमांड आणि एस्केप एकत्र दाबून 'फोर्स क्विट' करा. शिवाय प्रेफरन्सेस मॅक स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो. फाइल हलवली की मॅक रीस्टार्ट करा, मगच ॲप उघडा. नाहीतर जुनीच सेटिंग परत लिहिली जाऊ शकते. भावाची पहिली खटपट याच पायरीवर वाया गेली होती.

नव्या खात्यातही तेच रडगाणं असेल, तर मात्र सॉफ्टवेअर परत टाकायला अर्थ आहे. लायसन्स त्या मशीनवरून आधी मोकळं करा. कंपनीने स्वतःचा अनइन्स्टॉलर दिला असेल तर तोच चालवा. डीएमजी (ॲप ज्यात डाउनलोड होऊन येतं ती .dmg फाइल) उघडून ॲप तिथूनच चालवू नका. ॲप्लिकेशन्समध्ये ओढा, मग डीएमजी इजेक्ट करा. आणि सॉफ्टवेअर जुनं ३२-बिट असेल तर वेळ घालवू नका. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून अशी सॉफ्टवेअरं मॅकवर चालतच नाहीत.

राहिला शेवटचा मार्ग, मॅकओएसच, म्हणजे मॅकची ऑपरेटिंग सिस्टिमच, परत टाकण्याचा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि ती फार वाईट. मॅकच्या रिकव्हरी मोडमधलं 'रीइन्स्टॉल मॅकओएस' तुमच्या फाइलींना हात लावत नाही. तुमच्या सेटिंग्जनाही लावत नाही, त्यामुळे खराब पीलिस्ट त्यातूनही वाचते! २०२१ च्या मॅकओएस मॉन्टेरेपासून आलेलं 'इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' मात्र सगळं पुसतं. त्याच्या वाटेला जाण्याआधी टाइम मशीनचा (मॅकमधल्याच बॅकअप सॉफ्टवेअरचा) बॅकअप हवाच. रीइन्स्टॉलचं डाउनलोडही अनेक जीबींचं असतं; आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा मॅकबुक चार्जरला लावून बसा, आणि आयमॅक किंवा मॅक मिनी असेल तर यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नका.