लेन्स देशी की विदेशी, हे आधी विचारू नका
आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली आणि एका सकाळी ती कॅलेंडरपाशी उभी राहून म्हणाली, "अगं, चतुर्थी कधी आहे ते दिसेना. मोतीबिंदू परत आला वाटतं." आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात निम्म्या घरांतून हेच ऐकू येतं. मोतीबिंदू परत येत नाही. खराब झालेलं भिंग काढताना त्याची पातळ पिशवी डोळ्यातच ठेवतात आणि नवी लेन्स तिच्यात बसवतात. मागे राहिलेल्या पेशी त्या पिशवीच्या मागच्या भिंतीवर पसरतात आणि दिसणं धुरकट होतं. याग लेझरने काही मिनिटांत ते मोकळं होतं. पण क्वचित डोळ्याचा दाब वाढतो, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचाही थोडा धोका असतो. म्हणून मुळात ती वेळ कमी येईल अशी लेन्स घ्यावी.

पहिल्या वेळी आम्ही फक्त देशी की विदेशी, एवढंच विचारलं होतं. विचारायचं ते हे: लेन्स कशाची आहे आणि तिची कड कशी आहे? कड चौकोनी, धारदार हवी, म्हणजे ती पिशवीला घट्ट टेकते आणि पेशींना मागे सरकू देत नाही. हायड्रोफोबिक (पाणी न धरणाऱ्या) अ‍ॅक्रिलिक लेन्समागे हा धुरकटपणा हायड्रोफिलिकपेक्षा (पाणी धरणाऱ्या लेन्सपेक्षा) कमी येतो. आईच्या लेन्सच्या कार्डावर हायड्रोफिलिक लिहिलेलं निघालं. मधुमेह असेल तर हे आणखी महत्त्वाचं: पुढे पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायू भरावा लागला, तर हायड्रोफिलिक लेन्सच कॅल्शियम साचून पांढरी पडू शकते. तिथे लेझर चालत नाही, लेन्सच बदलावी लागते.

डाव्या डोळ्याला चष्मा नको म्हणून मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स सुचवली गेली. तिच्यात रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि फिक्या रंगांतला फरक कमी कळतो. संध्याकाळी सुरसागरच्या काठाने चालत येणाऱ्या, मधुमेह असलेल्या आईला ती नकोच, असं मला ठाम वाटलं. साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी घेतली, वाचायला चष्मा लावते. पडदा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर तुम्हीही मल्टिफोकलबद्दल दहादा विचारा. आणि ती बसवलेली असून समाधान नसेल, तर घाईने याग करून घेऊ नका. यागने पिशवीला भोक पडलं की लेन्स बदलणं फार अवघड होतं.

ऑपरेशननंतर डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा नजर कमी झाली, तर लेन्स कोणतीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

लेन्सचा स्टिकर लावलेलं कार्ड मागून घ्या. आईची दोन्ही कार्डं मी रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवली आहेत, वर 'उजवा', 'डावा' लिहून.