गर्भाशयमुखाच्या बायोप्सीत आयडीओ बघताय? आधी या चुका टाळा

एचपीव्ही विषाणूमुळे गर्भाशयमुखात होणाऱ्या कर्करोगपूर्व बदलांत, म्हणजे सीआयएनमध्ये (१ सौम्य, ३ तीव्र), आयडीओ-१ आणि आर्जिनेज-१ या एन्झाइमांचं स्टेनिंग, म्हणजे अँटीबॉडी लावून ती तपकिरी रंगात दाखवणं, करायची सध्या भारी हौस आहे. आयडीओ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडून त्यापासून किन्युरेनिन बनण्याची वाट मोकळी करतं, रोगप्रतिकारक टी-पेशी उपाशी पडतात, एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो त्याच्या कितीतरी आधी, बायोप्सीच्या डबीत.

ठाण्याच्या एका क्लिनिकमध्ये दुपारी घेतलेला ३ मिलिमीटरचा तुकडा सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवला. ऐरोली पुलावरच्या ट्रॅफिकमधून तो नवी मुंबईच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, गॉज सुकून खडखडीत. स्लाइडवर कडा गर्द तपकिरी, मधला भाग फिका. रिपोर्टही तयार: ‘वरच्या थरात तीव्र आयडीओ’. मग कुणीतरी प्रायमरी अँटीबॉडी (आयडीओला जाऊन चिकटणारी) न घातलेली, तुलनेची स्लाइड मागितली. ती केलेलीच नव्हती! केली, तर तिच्याही कडा तेवढ्याच तपकिरी. डिटेक्शनचं पॉलिमर, म्हणजे अँटीबॉडीवर बसून रंग आणणारं रसायन, सुकलेल्या कडांना नुसतंच चिकटलं होतं.

म्हणून बायोप्सी घ्यायच्या आधी डबी भरून ठेवा: १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या किमान दहापट. तुकडा फिल्टर पेपरच्या चिटोऱ्यावर, स्ट्रोमाची (आवरणाखालच्या ऊतीची) बाजू खाली, आणि लगेच डबीत. तिथे ६ ते ७२ तास. तासाभरात उरकणाऱ्यांनी मग स्टेन फिका आल्याचा दोष अँटीबॉडीला देऊ नये. ब्लॉकमध्ये तुकडा कडेवर उभा बसवा. तिरपा कापला की तळाच्या पेशीच सगळीकडे दिसतात आणि सीआयएन १ चा ३ होतो.

दुसरी लाडकी चूक म्हणजे तपकिरी दिसेल ते मोजणं. आर्जिनेज-१ न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशींमध्ये असतंच; सूज असलेल्या गर्भाशयमुखात ते ढिगाने येतात. ते वगळा. आयडीओला इंटरफेरॉन-गामा हे दाहाचं संदेशवाहक प्रथिन चेतवतं, त्यामुळे साध्या दाहातही ते दिसू शकतं. एपिथेलियम (वरचं आवरण) आणि स्ट्रोमातल्या पेशी यांचा स्कोअर वेगळा लिहा, शेजारचा निरोगी भागही बघा. प्रत्येक बॅचला कंट्रोल, म्हणजे नक्की रंगणारी ऊती, हवाच: आयडीओला प्लासेंटा, आर्जिनेजला यकृत.

बाकीचं थोडक्यात. सेक्शन, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप, ४ मायक्रॉनचे, चार्ज्ड (ऊती धरून ठेवणाऱ्या) स्लाइडवर. पावसाळ्यात ६० अंशांवर तासभर भाजल्याशिवाय पुढे जाऊ नका, सेक्शन स्लाइडवरून सुटतात. रिट्रीव्हल (फॉर्मेलिनने झाकलेली प्रथिनं उष्णतेने पुन्हा मोकळी करणं) बहुधा पीएच ९, ९५-९८ अंश, २० मिनिटं, पण अँटीबॉडीचं पत्रक म्हणेल ते खरं. नंतर तेवढाच वेळ थंड होऊ द्या. पेशींतलं मुळातलं पेरॉक्सिडेज खोटा रंग देऊ नये म्हणून ३% हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, तेही ताजं. महिनोन्‌महिने कापून ठेवलेल्या स्लाइड वापरू नका.

रक्तातल्या किन्युरेनिन-ट्रिप्टोफॅन गुणोत्तरावरून गर्भाशयमुखाबद्दल बोलू नका. यकृतातलं टीडीओ हे दुसरं एन्झाइम तेच काम करतं, आणि क्षयरोग किंवा गरोदरपण असलं तरी आकडा वर जातो. ‘आयडीओ पॉझिटिव्ह, म्हणजे इनहिबिटर (आयडीओ रोखणारं औषध) चालेल’ असं तर अजिबात लिहू नका. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला एपाकाडोस्टॅट या आयडीओ-इनहिबिटरची जोड दिलेली मेलानोमाची (त्वचेच्या कर्करोगाची) तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१८ मध्येच फसली.